कमला सोहोनी : पुड्याची मागची बाजू वाचायला लावणाऱ्या शास्त्रज्ञ बाई

18 जून 2023 ला तुम्ही गुगल उघडलं असेल, तर नेहमीच्या लोगोच्या जागी एका मराठी बाईंचं डूडल दिसलं असेल. नाव होतं कमला सोहोनी. मी ते पाहिलं, दोन ओळी वाचल्या आणि जे शोधायला आलो होतो ते शोधून मोकळा झालो. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तेच केलं असणार. त्या बाई कोण होत्या हे मला नंतर कळलं, आणि त्याला कारण झाला बिस्किटांचा पुडा.

आमच्या पप्पांना शुगर आहे. गेवराईच्या स्टँडजवळच्या एका दुकानातून मी त्यांच्यासाठी शुगर-फ्री बिस्किटं आणायचो. चहाबरोबर आधी दोन, मग चार, मग मोजणंच सुटलं. शुगर-फ्रीच आहेत की, म्हणून आईपण काही बोलायची नाही. तीन महिन्यांनी रिपोर्ट काढला तर आकडा आधीपेक्षा वर. डॉक्टरांनी पुडा दाखवायला सांगितला आणि हातात घेऊन सरळ उलटा केला. पहिलाच घटक मैदा. पुढं माल्टोडेक्स्ट्रिन, मग माल्टिटॉल. पुढच्या बाजूला लिहिलेलं खोटं नव्हतं, साखर खरंच नव्हती. मागची बाजू मात्र आमच्या घरात कुणी वाचलीच नव्हती. मी तर दिवसभर मोबाईल हातात घेऊन फिरणारा माणूस!

तसं बीड जिल्ह्याला साखर काय असते हे शिकवायची गरज नाही. दसरा-दिवाळीच्या सुमाराला इथून ऊसतोडीच्या टोळ्या कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. पण त्यामुळंच आपल्या डोक्यात साखर म्हणजे ऊस एवढंच बसलंय. तांदळातून, मक्यातूनही गोड पाक निघतो, हे त्या रात्री मोबाईलवर एकेक नाव शोधताना मला नीट कळलं. आणि आपल्याकडं हे असलं तपासायचा आग्रह आधी कुणी धरला, हे शोधता शोधता डूडलमधल्या बाई पुन्हा समोर आल्या.

कमलाबाईंचा जन्म 1911 चा, इंदूरचा. माहेरचं आडनाव भागवत. मराठीच्या पुस्तकात तुम्ही दुर्गा भागवत वाचल्या असतील, त्या यांच्या सख्ख्या बहीण. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघंही रसायनशास्त्रज्ञ, बंगळुरूच्या टाटा इन्स्टिट्यूटमधून, म्हणजे आजच्या आयआयएससीतून, अगदी सुरुवातीला शिकून बाहेर पडलेले. त्यामुळं मुलीनंही तिथंच जायचं ठरवलं. 1933 ला मुंबई विद्यापीठातून बीएस्सी झाली, अर्ज केला, आणि नकार आला. संस्थेचे संचालक होते सी. व्ही. रामन, नोबेल मिळवलेले. मार्कांचा प्रश्नच नव्हता. मुलगी आहे म्हणून प्रवेश नाही.

आता 1933 मध्ये बाविशीतल्या मुलीनं काय करावं? ती थेट बंगळुरूला गेली आणि रामन यांच्यासमोर जाऊन कारण विचारलं. हटलीच नाही. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरणार नाही, काम पसंत पडलं तरच ते मान्य होईल, आणि तिच्यामुळं प्रयोगशाळेतल्या पुरुषांचं लक्ष विचलित व्हायला नको! कमलाबाईंनी अटी मान्य केल्या, वर्षभर राबल्या आणि प्रवेश पक्का करून घेतला. त्यानंतर त्या संस्थेची दारं इतर मुलींनाही उघडली. रामन शास्त्रज्ञ म्हणून थोर होते, पण या बाबतीत त्यांचं मन छोटं होतं, हे कमलाबाई पुढं मोकळेपणानं सांगत. मला हे आवडलं. मोठ्या माणसाला मोठंही म्हणायचं आणि चूकही सांगायची, हे आपल्याकडं फार कमी जणांना जमतं.

बंगळुरूला श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली त्यांनी दूध आणि डाळींमधल्या प्रथिनांवर काम केलं. 1936 ला एमएस्सी. तिथून इंग्लंडला केंब्रिज. तिथं त्यांचा विषय झाला एन्झाइम, म्हणजे विकरं. बटाट्यावर काम करताना त्यांना वनस्पतींच्या पेशींमध्ये सायटोक्रोम-सी सापडलं. पेशी श्वास घेते, साखर जाळून ऊर्जा काढते, त्या कामातला हा एक महत्त्वाचा दुवा. रॉबिन हिल यांच्यासोबतचा त्यांचा यावरचा लेख 1939 ला ‘नेचर’मध्ये आला. त्याच वर्षी पीएचडी झाली. प्रबंध जेमतेम 40 पानांचा! विज्ञानात पीएचडी मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिलांपैकी एक.

एन्झाइम हा शब्द इथं धरून ठेवा, कारण राइस सिरपचं सगळं गुपित त्यातच आहे. ज्वारीच्या भाकरीचा घास न गिळता बराच वेळ चावत राहा, हळूहळू गोड लागतो. स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या कड्यांची लांबच लांब साखळी. साखळी असते तोवर गोड लागत नाही. लाळेतलं एन्झाइम ती साखळी तोडतं, सुट्या कड्या जिभेवर येतात आणि गोडी लागते. कारखान्यात हेच काम टाकीत होतं. तांदळाचा लगदा, त्यात एन्झाइम, योग्य तापमान. साखळ्या तुटतात, ग्लुकोज आणि माल्टोज सुटं होतं, गाळून आटवलं की मधासारखा पाक तयार. हेच राइस सिरप. त्याच्यापुढं ब्राऊन लावलं की ऐकायला पौष्टिक वाटतं, पण रक्तात जाऊन ते ग्लुकोजच होतं, आणि तेही झटपट. माल्टोडेक्स्ट्रिन हे याच रस्त्यावरचं अर्धवट तोडलेलं स्टेशन. ते फारसं गोड लागत नाही आणि त्यातला बराचसा भाग लेबलवरच्या साखरेच्या आकड्यात धरला जात नाही, कारण तिथं फक्त एक-दोन कड्यांच्या साखरा मोजतात. पोटात मात्र तेही लवकर तुटतं. आमच्या पप्पांच्या पुड्यात हेच होतं.

1939 ला कमलाबाई परत आल्या. इंग्लंडमध्ये राहता आलं असतं, पण देशात स्वातंत्र्याची चळवळ चालू होती आणि त्या गांधीजींना मानणाऱ्या. आधी दिल्लीच्या लेडी हार्डिंज मेडिकल कॉलेजात जीवरसायन विभागाच्या प्रमुख, नंतर कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक. या प्रयोगशाळेची गोष्ट मोठी मजेदार आहे. तिची सुरुवात 1918 मध्ये बेरीबेरी रोगाच्या चौकशीतून झाली. तांदूळ गिरणीत फार घासून पांढराशुभ्र केला की वरचा कोंडा जातो, त्यासोबत बी-1 जीवनसत्त्व जातं आणि असलाच भात खाणाऱ्यांना हा रोग होतो. म्हणजे तांदळातून चांगलं काढून घेतलं की काय होतं, याचाच तिथं अभ्यास. आज त्याच तांदळातून सगळं काढून टाकून नुसती गोडी उरवतात आणि ती हेल्दी बार म्हणून विकतात! ही प्रयोगशाळा पुढं हैदराबादला गेली, तीच आजची राष्ट्रीय पोषण संस्था. 2024 मध्ये या संस्थेनं भारतीयांसाठी आहाराचे सल्ले काढले, त्यात लेबल वाचा हा एक स्वतंत्र सल्ला आहे.

1947 ला त्यांचं एम. व्ही. सोहोनी यांच्याशी लग्न झालं आणि त्या मुंबईला आल्या. तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनाच्या प्राध्यापक झाल्या. विद्यार्थ्यांसोबत त्यांनी डाळी, भाताचं पीठ आणि नीरा यांवर काम केलं. गरीब माणूस जे खातो त्यात नेमकं काय आहे, हा सगळ्याच्या मागचा प्रश्न. नीरेचं काम राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून सुरू झालं. नीरा गोड असते हे सगळ्यांना माहीत होतं. कमलाबाईंनी गोडीशिवाय त्यात काय आहे ते मोजलं. जीवनसत्त्व अ, जीवनसत्त्व क, लोह. नीरा आटवून केलेल्या ताडगुळातही यातलं बरंच टिकतं, हेही दाखवलं. आदिवासी भागातल्या कुपोषित मुलांना आणि गरोदर बायांना नीरा दिल्यावर तब्येत सुधारल्याचं दिसलं. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

इथं एक गोष्ट सांगून ठेवतो, नाहीतर कुणीतरी गुळाची रील घेऊन येईल. गूळ, ताडगूळ, मध, खजुराचा पाक यांत थोडंफार इतर काही असतं, पण बहुतांश साखरच असते. शुगर असलेल्या माणसाला ‘गूळ आहे, चालतंय’ म्हणणं धोक्याचंच. कमलाबाईंचं संशोधन कुपोषित लोकांसाठी होतं.

संस्थेचं संचालकपद त्यांना मिळालं खरं, पण हक्काच्या वेळेपेक्षा चार वर्षं उशिरा. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, तुम्ही समजलात.

आता आपल्या विषयाचा गाभा. 1966 मध्ये मुंबईत नऊ बायकांनी मिळून कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली. घरातल्या तेल-डाळ-मिरचीत भेसळ येते, वजनात मारलं जातं, तक्रार कुठं करायची कळत नाही, अशा साध्या त्रासातून. भेसळीचा कायदा 1954 पासून होता, पण ग्राहक संरक्षण कायदा यायला 1986 उजाडायचं होतं. कमलाबाई या संस्थेच्या कामात उतरल्या आणि 1982-83 ला अध्यक्ष झाल्या. संस्थेच्या ‘कीमत’ मासिकात त्यांनी ग्राहकांच्या सुरक्षेवर लेख लिहिले. केंब्रिजची पीएचडी, वय सत्तरीच्या पुढं, आणि विषय आपल्या स्वयंपाकघरातला. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातलं हे काम सायटोक्रोमपेक्षा कमी नाही, जरी डूडल बनवणाऱ्यांना ते तितकं दिसत नसलं तरी.

1998 च्या जूनमध्ये आयसीएमआरनं दिल्लीत त्यांचा सत्कार ठेवला होता. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच दिवसांत गेल्या. वय 87.

त्यांच्यानंतर भेसळही हुशार झाली. मधाचंच बघा. मधात उसाचा किंवा मक्याचा पाक मिसळला तर तो पकडायची जुनी पद्धत आहे कार्बन पाहायची. ऊस, मका, ज्वारी, बाजरी ही झाडं हवेतला कार्बन एका पद्धतीनं घेतात, त्यांना सी-4 म्हणतात. तांदूळ, गहू आणि मधमाश्या ज्यांचा रस घेतात ती बहुतेक फुलझाडं सी-3. दोन्हींच्या साखरेत जड कार्बनचं प्रमाण थोडं वेगळं असतं, मशीनला ते लगेच कळतं. मग भेसळ करणाऱ्यांनी काय केलं? उसाचा पाक सोडून तांदळाचा घेतला. तांदूळ सी-3, मधही सी-3, मशीन गप्प! डिसेंबर 2020 मध्ये सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेनं 13 ब्रँडचे मध तपासले. एनएमआर नावाच्या चाचणीसह सगळ्या चाचण्यांत फक्त 3 ब्रँड पास झाले. बाकी कंपन्यांनी आरोप फेटाळले, तो वाद गाजला. एनएमआर म्हणजे दवाखान्यातल्या एमआरआयचाच भाऊबंद. चुंबकात नमुना ठेवायचा, त्यातले रेणू कसा प्रतिसाद देतात त्याचा ठसा घ्यायचा आणि खऱ्या मधाच्या ठशांशी ताडून पाहायचा.

असलं मशीन तुमच्या-माझ्याकडं नाही. पण लेबलवर जे उघड छापलंय, ते वाचायला मोबाईल पुरतो. पुडा सपाट धरा, उजेडात, चमक पडू देऊ नका. गुगल लेन्स उघडा, मागच्या बाजूचा फोटो घ्या आणि टेक्स्टवर टॅप करा. मुंगीएवढी अक्षरं मोठी होतात, कॉपी करता येतात, मराठीत भाषांतरही मिळतं. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहायचा नियम आहे, म्हणून पहिले तीन-चार आधी बघा. आता गंमत अशी की साखर, इन्व्हर्ट सिरप, लिक्विड ग्लुकोज, राइस सिरप अशी चार नावं वेगवेगळी लिहिली की प्रत्येकाचं वजन कमी दिसतं आणि चौघंही यादीत खाली सरकतात. त्यांची बेरीज केली तर कदाचित पहिला नंबर त्यांचाच. डेक्स्ट्रोज, माल्ट एक्स्ट्रॅक्ट, फ्रूट ज्यूस कॉन्सन्ट्रेट हेही त्याच कुळातले. आकडे दिसले तर 951 म्हणजे अस्पार्टेम, 955 म्हणजे सुक्रालोज, 965 म्हणजे माल्टिटॉल. मग पोषणाच्या तक्त्यात ॲडेड शुगर्सची ओळ बघा. आकडा 100 ग्रॅमचा असतो, आणि एक चहाचा चमचा म्हणजे साधारण 4 ते 5 ग्रॅम. शुगर असलेल्या माणसासाठी मात्र त्याच तक्त्यातली एकूण कार्बोहायड्रेटची ओळ जास्त कामाची. आमचा पुडा तिथंच उघडा पडला असता.

बारकोडवर फार विसंबू नका. त्यात मालाची माहिती नसते, फक्त नंबर असतो. स्कॅन करणारं ॲप तो नंबर आपल्या यादीत शोधतं. ओपन फूड फॅक्ट्ससारखी यादी लोकांनीच भरलेली असते, म्हणून आपल्याकडचे बरेच पुडे तिथं सापडत नाहीत, किंवा जुनी माहिती दिसते. सुरुवातीचा 890 हा आकडा कंपनीची नोंदणी भारतात आहे एवढंच सांगतो. माल कुठं बनला हे त्यावरून कळत नाही.

मी आता त्या यादीत गेवराईच्या दुकानांत मिळणारे पुडे भरतोय. मागच्या बाजूचे फोटो काढायचे आणि घटक टाईप करायचे, एवढंच काम. दुकानदार पहिल्या दिवशी संशयानं बघत होते, परवा त्यांनीच चष्मा वर करून एक प्रोटीन बार पुढं केला आणि यात बघ रे काय आहे, म्हणाले. दुसऱ्या नंबरला ब्राऊन राइस सिरप होतं.