एका हाताचा खासदार : मायकेल डॅव्हिट

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी महाराष्ट्रातल्या थोर व्यक्तींची चरित्रे येतात. यंदा जरा दूरच्या, म्हणजे आयर्लंडच्या एका नेत्याची ओळख करून द्यावी असे मनात आले. तसा हा माणूस आपल्याला अगदीच परका नाही. लोकमान्य टिळकांच्या चतुःसूत्रीत बहिष्कार होता आणि १९१६ साली त्यांनी होमरूल लीग काढली. ‘बॉयकॉट’ हा शब्द आणि ‘होमरूल’ हे नाव, दोन्ही आयर्लंडच्या चळवळीतून आलेले. त्या चळवळीतला एक मोठा माणूस म्हणजे मायकेल डॅव्हिट. दुसरे कारण त्याहून जवळचे आहे. पोटासाठी गाव सोडून परमुलखात स्थायिक झालेल्या घरातला हा मुलगा. तिथेच वाढला, तिथेच शिकला, पण गावाचा प्रश्न त्याने शेवटपर्यंत सोडला नाही.

डॅव्हिट यांचा जन्म २५ मार्च १८४६ रोजी आयर्लंडच्या पश्चिमेकडील मेयो जिल्ह्यात, स्ट्रेड या खेड्यात झाला. तो काळ भीषण दुष्काळाचा. बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे भूक आणि साथीच्या रोगांनी मेली. तेवढीच किंवा त्याहून अधिक देश सोडून गेली. जमीन बहुतेक करून बड्या जमीनदारांची, कसणारी कुळे गरीब. खंड थकला की कुळाला घराबाहेर काढायचे आणि घर पाडून टाकायचे, हा शिरस्ता. मायकेल चार वर्षांचा असताना त्यांच्या घरावर ही पाळी आली. गरिबांसाठी असलेल्या सरकारी आश्रयगृहात मुलाला आईपासून वेगळे ठेवणार, हे कळताच आईने तिथे राहायला साफ नकार दिला. कुटुंब समुद्र ओलांडून इंग्लंडला गेले आणि लँकेशायरमधल्या हॅस्लिंगडन या गिरणगावात त्यांनी बिऱ्हाड थाटले. घरात मात्र आयरिश भाषाच बोलली जाई.

गिरणगावात मुलेही कामाला जात. १८५७ साली, अकरा वर्षांचा असताना, मायकेलचा उजवा हात कापूस गिरणीच्या यंत्रात सापडला आणि तो कापावा लागला. भरपाई काही मिळाली नाही. मात्र एका सद्गृहस्थाच्या मदतीने त्याला शाळेत जाता आले. ज्यांना हात होते ती बरोबरीची मुले गिरणीत राहिली आणि हात गमावलेला हा मुलगा शिकला. पुढे तो पोस्टात आणि छापखान्यात काम करू लागला. संध्याकाळी कामगारांसाठी चालणाऱ्या मेकॅनिक्स इन्स्टिट्यूटमध्ये जाऊन वाचन करी. आयर्लंडचा इतिहास त्याला खऱ्या अर्थाने तिथेच भेटला.

१८६५ मध्ये डॅव्हिट सशस्त्र क्रांतिकारकांच्या फेनियन संघटनेत शिरले. मे १८७० मध्ये लंडनच्या पॅडिंग्टन रेल्वे स्टेशनवर, शस्त्रांचे पार्सल येण्याची वाट पाहत असताना, त्यांना पकडण्यात आले. शिक्षा झाली पंधरा वर्षांची. डार्टमूरच्या कुप्रसिद्ध तुरुंगात या एका हाताच्या कैद्याला खडी फोडायला लावत. साडेसात वर्षांनी, डिसेंबर १८७७ मध्ये, अटींवर सुटका झाली.

सुटून ते मेयोला गेले, तर तिथे पुन्हा दुष्काळाची चिन्हे आणि पुन्हा बेदखलीच्या नोटिसा. या प्रश्नाला बंदुकीपेक्षा संघटना उपयोगी पडेल, हे त्यांनी ओळखले. एप्रिल १८७९ मध्ये आयरिशटाउन येथे कुळांची मोठी सभा भरली आणि ऑक्टोबरमध्ये डब्लिनला लँड लीगची स्थापना झाली. अध्यक्ष पार्लमेंटमधले नेते चार्ल्स स्टुअर्ट पार्नेल, तर चिटणीसांपैकी एक डॅव्हिट. पुढच्या वर्षी मेयोतच कॅप्टन बॉयकॉट या जमीनदाराच्या कारभाऱ्यावर लोकांनी असा बहिष्कार टाकला की त्याचे पीक काढायला गावात एक माणूस मिळेना. बाहेरून पन्नासएक मजूर आणावे लागले आणि त्यांच्या रक्षणाला हजाराच्या आसपास सैनिक. त्या साहेबाचे आडनाव पुढे जगभर क्रियापद झाले. १८८१ साली सरकारला कायदा करून वाजवी खंड, जमिनीवरील ताब्याची हमी आणि कुळाला आपला हक्क विकण्याची मुभा द्यावी लागली.

त्याच वर्षी डॅव्हिट यांना पुन्हा तुरुंगात टाकण्यात आले. तिथे त्यांना एक ब्लॅकबर्ड पक्षी पाळायला मिळाला. या पक्ष्याला उद्देशून त्यांनी व्याख्याने लिहिली आणि १८८५ मध्ये ती पुस्तकरूपाने आली.

आता त्यांच्या खासदारकीकडे वळू. ही कथा मोठी गमतीची आहे. १८८२ मध्ये मीथच्या मतदारांनी त्यांना तुरुंगात असतानाच निवडून दिले, पण शिक्षा झालेला कैदी म्हणून निवड रद्द झाली. १८९२ मध्ये नॉर्थ मीथमधून निवडून आले, तर धर्मगुरूंनी प्रचारात दबाव आणला म्हणून निवडणूक अर्ज दाखल झाला आणि ती निवडही रद्द ठरली. १८९३ च्या आरंभी नॉर्थ ईस्ट कॉर्कमधून बिनविरोध आले. पण त्या खटल्याच्या खर्चाने दिवाळे निघाले आणि काही महिन्यांत राजीनामा द्यावा लागला. १८९५ मध्ये ते ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर असताना इकडे साउथ मेयोने त्यांना निवडून दिले. ज्या जिल्ह्यातून त्यांच्या घराला बाहेर काढले होते, त्याच जिल्ह्याचा हा खासदार.

एप्रिल १८९३ मध्ये त्यांनी पहिले भाषण केले ते होमरूल विधेयकावर. आपल्याकडे लोकमान्य गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप देत होते, तेच हे साल. विधेयक हाऊस ऑफ कॉमन्समध्ये ३४ मतांनी मंजूर झाले, पण लॉर्ड्सच्या सभागृहाने ते ४१९ विरुद्ध ४१ मतांनी फेटाळले. बहुमताने जिंकलेली गोष्ट जमीनदारांचे सभागृह एका रात्रीत पुसून टाकते, हे डॅव्हिट यांनी पाहिले.

१८९५ नंतरच्या चार वर्षांत मेयोतील पिकांचे नुकसान, उपासमार आणि बेदखली हे विषय ते सभागृहात पुन्हा पुन्हा मांडत राहिले. पण त्यांचे सर्वांत वजनदार काम तुरुंगांच्या प्रश्नावरचे. १८९८ च्या तुरुंगविषयक विधेयकावर ते बोलायला उभे राहिले, तेव्हा सभागृहात कैद्याचे जिणे स्वतः भोगलेला असा माणूस विरळाच. आयर्लंडच्या कैद्यांइतकीच त्यांनी इंग्लंडच्या साध्या चोर-भामट्यांचीही बाजू मांडली. त्या कायद्याने फटक्यांच्या शिक्षेवर बंधने आली, चांगल्या वर्तनाबद्दल सूट मिळू लागली आणि पायचक्कीसारखी निरर्थक मजुरी मागे पडली. श्रेय अर्थातच अनेकांचे, पण त्यात डॅव्हिट यांचा वाटा मोठा.

हिंदुस्थानशीही त्यांचा संबंध आला. दादाभाई नौरोजींना आयर्लंडच्या एखाद्या मतदारसंघातून निवडून आणावे, म्हणजे हिंदी जनतेला पार्लमेंटमध्ये आवाज मिळेल, अशी सूचना त्यांनी १८८३ साली पार्नेल यांच्याकडे केली होती. पार्नेलना ती व्यवहार्य वाटली नाही. पुढे १८९२ मध्ये दादाभाई लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीमधून हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या मताधिक्याने निवडून आले.

ऑक्टोबर १८९९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध सुरू झाले. सोन्याच्या खाणींसाठी एका छोट्या राष्ट्रावर लादलेले हे युद्ध आहे, असे डॅव्हिट यांचे मत. या युद्धाला पाठिंबा देण्याच्या बदल्यात आयर्लंडला स्वातंत्र्य मिळाले तरी ते मला नको, अशा अर्थाचे त्यांनी सभागृहात सांगितले. मागे ताकद असल्याशिवाय कोणत्याही न्याय्य मागणीला हे सभागृह दाद देत नाही, हा आपल्या अनुभवाचा निष्कर्षही ऐकवला आणि खासदारकी सोडली. पुढे ते दक्षिण आफ्रिकेला जाऊन आले आणि बोअर लोकांच्या बाजूने त्यांनी पुस्तक लिहिले. त्याच भूमीवरच्या काळ्या माणसांवर बोअर लोक करीत असलेला अन्याय मात्र त्यांना तितकासा दिसला नाही, हेही नमूद केले पाहिजे.

त्यांनी राजीनामा द्यायला हवा होता का? माझ्या मते दोन्ही बाजूंनी बोलता येते. त्यानंतर चारच वर्षांनी, १९०३ मध्ये, त्याच पार्लमेंटने कायदा करून सरकारी कर्जाच्या आधारे कुळांना जमीन विकत घेण्याचा मार्ग मोकळा केला. म्हणजे सभागृह अगदीच निरुपयोगी नव्हते. पण जमीनदारांना मिळणारी किंमत फार आहे, ही डॅव्हिट यांची टीका बाहेरून चालूच राहिली. आणि हेही खरे, की गावोगावी लँड लीग उभी राहिली नसती, तर सभागृहाने हा विषय इतक्या लवकर हाती घेतला नसता.

३० मे १९०६ रोजी डब्लिनमध्ये त्यांचे निधन झाले. दात काढल्यानंतर रक्तात विष भिनल्याचे निमित्त झाले. वय अवघे साठ. अंत्यसंस्कार स्ट्रेडलाच झाले, जिथून चार वर्षांच्या मुलाला बाहेर काढले होते तिथेच.

इंजिनिअर म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. मेयोमध्ये ॲकिल बेटाला मुख्य भूमीशी जोडणारा, होड्यांना वाट देण्यासाठी फिरवता येणारा पूल १८८७ मध्ये डॅव्हिट यांच्या हस्ते खुला झाला आणि त्याला त्यांचेच नाव मिळाले. तो पूल १९४९ मध्ये बदलला, २००८ मध्ये पुन्हा बदलला. लोखंड बदलत गेले, नाव तेच राहिले.

आपण सारे कुठल्या ना कुठल्या समितीत, मंडळात, युनियनमध्ये काम करतो. खुर्ची मिळाली की ती टिकवणे हेच हळूहळू काम होऊन बसते. डॅव्हिट यांना खुर्ची चार वेळा मिळाली आणि चारही वेळा गेली. शेवटची तर त्यांनी स्वतःहून सोडली. ज्यांच्यासाठी ती घेतली होती, त्या माणसांना मात्र त्यांनी कधी सोडले नाही. परमुलखात राहून गावाची आठवण सारेच काढतात. गावच्या कामाला आपण काय आलो, हे यंदा बाप्पासमोर हात जोडताना प्रत्येकाने स्वतःला विचारून पाहावे.