अलॉइस अल्झायमर: रक्ताच्या चाचणीआधीच्या काळातला डॉक्टर

घरातील ज्येष्ठ व्यक्ती तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारू लागली, की तुमच्या मनात येते : रक्त तपासून अल्झायमर आहे का ते कळेल? ज्यांचे नाव या आजाराला मिळाले, त्या डॉक्टरांना खात्री करण्यासाठी रुग्णाच्या मृत्यूपर्यंत थांबावे लागले होते.

अलॉइस अल्झायमर यांचा जन्म १४ जून १८६४ रोजी जर्मनीतील मार्क्टब्राइट गावी झाला. १८८७ मध्ये ते डॉक्टर झाले. गंमत म्हणजे त्यांचा प्रबंध मेंदूवर नव्हता, कानातला मळ तयार करणाऱ्या ग्रंथींवर होता! पुढच्याच वर्षी ते फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात रुजू झाले. तिथे त्यांना फ्रान्झ निसल हे सहकारी भेटले. मेंदूच्या पेशी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची निसल यांची पद्धत आजही वापरात आहे. रुग्णाशी बोलायचे आणि त्याच्या मेंदूतील पेशीही पाहायच्या, ही अल्झायमर यांची सवय इथे पक्की झाली.

१९०१ मध्ये त्यांच्या पत्नी सेसिली वारल्या. पदरी तीन मुले होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ऑगस्ट डेटर ही ५१ वर्षांची स्त्री रुग्णालयात दाखल झाली. नवऱ्यावर संशय, वस्तू लपवणे, विसरभोळेपणा अशा तक्रारी होत्या. अल्झायमर तिला पेन्सिल, किल्ली अशा वस्तू दाखवत. ती नावे बरोबर सांगे, पण थोड्या वेळाने काय दाखवले होते ते तिला आठवत नसे. स्वतःचे नाव लिहितानाही ती मध्येच थांबे. हे सारे त्यांनी बारकाईने टिपून ठेवले.

१९०३ मध्ये त्यांनी फ्रँकफर्ट सोडले, पण या रुग्णाला ते विसरले नाहीत. एप्रिल १९०६ मध्ये ती वारली, तेव्हा तिची कागदपत्रे आणि मेंदू त्यांनी म्युनिकला मागवून घेतला. चांदीच्या क्षारांनी रंगवलेल्या कापांमध्ये त्यांना पेशींच्या आत तंतूंची गुंतवळ आणि पेशींच्या बाहेर साचलेले थर दिसले. त्याच वर्षी ट्युबिंगेनच्या सभेत त्यांनी हे मांडले, तर कोणी साधी शंकाही विचारली नाही. १९१० मध्ये क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात आजाराला अल्झायमर यांचे नाव दिले. १९ डिसेंबर १९१५ रोजी ब्रेस्लाऊ येथे अल्झायमर वारले. तेव्हा तेही ५१ वर्षांचेच होते.

आता रक्ताकडे येऊ. ते साचलेले थर बीटा-अमायलॉइड या प्रथिनाचे असतात. ज्या मोठ्या प्रथिनापासून ते तुटून तयार होते, ते प्रथिन आणि त्याला कापणारी एन्झाइम्स तुमच्या प्लेटलेट्समध्येही असतात. डेंग्यूत ज्यांची संख्या आपण रोज मोजतो, त्याच या प्लेटलेट्स! म्हणजे मेंदूला हात न लावता त्याच्यासारखी रसायने पाहायला मिळतात. काही अभ्यासांत अल्झायमरच्या रुग्णांच्या प्लेटलेट्समध्ये मोनोअमाइन ऑक्सिडेज-बी या एन्झाइमची क्रियाशीलता वाढलेली आढळली. बीटा-सिक्रिटेज या 'कात्री'बद्दलही तसेच निष्कर्ष आले.

अडचण अशी, की पहिले एन्झाइम वयानुसारही बदलते आणि धूम्रपानाने घटते. शिवाय प्लेटलेट्स जेमतेम आठ-दहा दिवस जगतात, तर मेंदूतील बदल वर्षानुवर्षे चालतात. निरोगी आणि आजारी व्यक्तींचे आकडे एकमेकांत मिसळतात. त्यामुळे गटांची तुलना करायला ही तपासणी उपयोगी आहे, एकट्या तुमच्या आईचे निदान करायला नाही. माझ्या मते, त्यासाठी आज पैसे खर्च करू नयेत.

रक्तातील टाऊ आणि अमायलॉइड मोजणाऱ्या चाचण्या मात्र पुढे गेल्या आहेत. २०२५ मध्ये अमेरिकेत अशा एका चाचणीला मान्यता मिळाली, पण ती लक्षणे असलेल्यांसाठी आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच वापरायची आहे. तुम्ही डॉक्टरांकडे जाल तेव्हा ते आधी बी-१२ आणि थायरॉइड तपासतील, नैराश्याबद्दल आणि चालू औषधांबद्दल विचारतील. मग रुग्णाला काही शब्द लक्षात ठेवायला सांगतील आणि थोड्या वेळाने तेच पुन्हा विचारतील.