सावित्रीबाई फुले: शाळेच्या धड्यात नसलेली सव्वादोन वर्षं

सावित्रीबाई फुले म्हटलं की १८४८ साल, भिडे वाडा आणि अंगावर पडणारं शेण आठवतं. दर ३ जानेवारीला आपल्या फीडमध्ये हेच फिरतं. पण त्यांच्या आयुष्यात जुलै १८८८ ते नोव्हेंबर १८९० असाही एक काळ होता. त्यावर पोस्ट सहसा दिसत नाही.

११ मे १८८८ रोजी मुंबईत जोतीरावांना 'महात्मा' ही पदवी देण्यात आली. त्यानंतर जेमतेम दोन महिन्यांत, जुलैमध्ये, त्यांना पक्षाघाताचा झटका आला. शरीराची उजवी बाजू निकामी झाली. जोतीराव तेव्हा ६१ वर्षांचे होते आणि सावित्रीबाई ५७ वर्षांच्या.

उपचार केले डॉ. विश्राम रामजी घोले यांनी. ते सत्यशोधक समाजातले, घरोब्याचे. पण डॉक्टर येतो आणि जातो. ज्यांच्या घरात अर्धांगवायूचा पेशंट आहे त्यांना पुढचं सांगायला नको. कूस बदलणं, अंघोळ, घास भरवणं, रात्री उठून बघणं. आजही, फिजिओथेरपिस्ट आणि ॲडजस्टेबल बेड असताना, यात घरचं माणूस पिचून जातं. पुण्यातल्या गंज पेठेतल्या त्या घरात यातलं काहीच नव्हतं. दत्तक मुलगा यशवंत अजून शिकत होता.

आजारपण आणि शुश्रूषा सावित्रीबाईंना नवीन नव्हती. १८५६ मध्ये त्या स्वतः आजारी पडून माहेरी नायगावला गेल्या होत्या. तिथे भावाने त्यांची सेवा केली. हाच भाऊ महार-मांगांना शिकवण्यावरून त्यांना बोलही लावत होता. जोतीरावांना पाठवलेल्या पत्रात त्यांनी दोन्ही गोष्टी लिहिल्या आहेत.

आता प्रश्न पैशांचा. जोतीराव एकेकाळी बांधकामाची कंत्राटं घ्यायचे, हातात पैसा खेळायचा. पण शाळा, विधवांसाठीचं बालहत्या प्रतिबंधक गृह आणि चळवळ यात तो संपत गेला. शेवटच्या आजारपणात घर अक्षरशः अडचणीत होतं. १८९० मध्ये त्यांचे स्नेही मामा परमानंद यांनी बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांना पत्र लिहून मदत मागितली. त्या पत्रात मामांनी जोतीरावांपेक्षाही सावित्रीबाईंचं काम अधिक कौतुकाचं असल्याचं म्हटलं होतं. आजारी माणसासाठी मदत मागताना त्याची काळजी घेणारीची दखल घेतली जाते, हे १३० वर्षांपूर्वीच काय, आजही क्वचितच घडतं. मदत आलीही, १ हजार रुपये. पण तोवर जोतीराव हयात नव्हते.

मधल्या काळात अंथरुणावरच्या या माणसाने काय केलं? उजवा हात चालत नाही म्हणून डाव्या हाताने लिहायला घेतलं आणि १८८९ मध्ये 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' पूर्ण केलं. हे त्यांच्या जिद्दीचं उदाहरण म्हणून सांगितलं जातं, आणि ते आहेच. पण एक हात गेलेल्या माणसाला लिहिता येण्याआधी कोणीतरी उठवून बसवावं लागतं. त्याचं खाणंपिणं, औषध वेळेवर व्हावं लागतं. त्या पुस्तकाच्या मागे ही मेहनतही आहे, असं मला वाटतं. त्याच वर्षी फेब्रुवारीत यशवंतचं लग्नही सत्यशोधक पद्धतीने पार पडलं. म्हणजे आजारपणात घर थांबलं नव्हतं.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी मध्यरात्रीनंतर जोतीराव गेले.

अंत्ययात्रेच्या वेळी वाद झाला. मृत्युपत्राने सगळे हक्क यशवंतला दिले होते, पण तो एका ब्राह्मण विधवेचा मुलगा आणि दत्तक. त्याने टिटवं धरायला भाऊबंदांनी हरकत घेतली. तेव्हा सावित्रीबाईंनी टिटवं स्वतः हातात घेतलं, अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या आणि अग्नीही त्यांनीच दिला. ज्या काळात बायका स्मशानात जातही नसत, त्या काळातली ही गोष्ट.

आपल्याला मिठात पुरावं, अशी जोतीरावांची इच्छा होती. वस्तीत पुरायला परवानगी मिळाली नाही, म्हणून दहन करावं लागलं. अस्थी मात्र घराच्या आवारातच ठेवल्या. फुले वाड्यात ती समाधी आजही बघता येते.

पुस्तक १८९१ मध्ये यशवंतने छापलं. पुढे तो डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई पुन्हा रोग्यांच्या सेवेला लागल्या. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्यांचं निधन झालं.