वायपरवाली मेरी

मृगाचा पाऊस यायच्या आधी आमच्या घरात दोन कामं ठरलेली. पापड-कुरडयांचे डबे वरच्या फळीवर चढवायचे आणि अंगणातल्या पिकअपचे वायपर बदलायचे. पहिलं काम माझं, दुसरं ह्यांचं. दोन वर्षांपूर्वी ह्यांच्याकडून ते राहून गेलं. टोमॅटोचे क्रेट भरून हे रात्री वाशी मार्केटला निघाले आणि कसारा घाटात पावसाने गाठलं. उन्हात वर्षभर उभ्या राहिलेल्या गाडीचं रबर चिरलेलं. वायपर नुसता चरचरत फिरत होता, पाणी मात्र काचेवरच! दोनदा गाडी कडेला घेऊन, फडक्याने काच पुसून ह्यांनी तो घाट उतरला. सकाळी फोनवर हे ऐकलं आणि माझ्या हातातला चहा तसाच निवला.

त्या दिवसापासून वायपरचं काम मी माझ्याकडे घेतलं. आणि दरवर्षी ते करताना मला एक बाई हमखास आठवते. लेकीच्या शाळेच्या प्रकल्पासाठी माहिती शोधताना ती मला भेटली. तिचं नाव मेरी अँडरसन.

मेरीचा जन्म १९ फेब्रुवारी १८६६ चा, अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातला. चार वर्षांची असतानाच वडील गेले. १८८९ मध्ये आई आणि बहिणीबरोबर ती बर्मिंगहॅम शहरात आली. हे बर्मिंगहॅम अलाबामातलंच बरं का, इंग्लंडमधलं नव्हे. तिथे त्यांनी भाड्याने द्यायच्या घरांची एक इमारत बांधली. पुढे १८९३ मध्ये मेरी पार कॅलिफोर्नियात फ्रेस्नोला गेली आणि पाच वर्षं गुरं नि द्राक्षमळा सांभाळला. म्हणजे आमच्या नाशिककडच्या द्राक्षबागाईतदारणीच्या जातकुळीतलीच म्हणा की! घरातल्या एका आजारी वडीलधाऱ्या बाईचं करायला म्हणून ती पुन्हा बर्मिंगहॅमला परतली. लग्न तिने केलं नाही. इंजिनीअरिंग वगैरे काही शिकलेली नव्हती. पण व्यवहार कळत होता आणि डोळे उघडे होते.

१९०२-०३ च्या हिवाळ्यात ती न्यू यॉर्कला गेली होती. ट्राममधून चालली असताना बाहेर पाऊस आणि बर्फ एकत्रच पडत होता. समोरच्या काचेवर थर साचलेला. काही दिसेना म्हणून चालकाने काचेचं तावदान उघडून ठेवलं होतं. गार वारा नि हिमकण थेट त्याच्या तोंडावर, आणि मागे प्रवासी कुडकुडताहेत. हे त्या ट्राममधल्या सगळ्यांनीच पाहिलं असणार. थंडीत असं व्हायचंच, म्हणून सोडूनही दिलं असणार. मेरीने मात्र सोडलं नाही. आत बसल्याबसल्या बाहेरची काच पुसता का येऊ नये, हा विचार घेऊनच ती घरी आली.

तिने सुचवलेली युक्ती अगदी साधी. आत चालकाच्या हाताशी एक दांडी, बाहेर काचेवर रबराची पट्टी लावलेला हात. आतली दांडी फिरवली की बाहेरची पट्टी काच पुसून काढणार. पट्टी काचेला घट्ट टेकावी म्हणून वजनाची सोय. हवा चांगली असेल तेव्हा सगळं काढूनही ठेवता येई. १८ जून १९०३ ला तिने पेटंटसाठी अर्ज केला आणि १० नोव्हेंबर १९०३ ला पेटंट मिळालं. क्रमांक ७,४३,८०१.

आता पैसा आला असेल, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण १९०५ च्या सुमारास कॅनडातल्या एका कंपनीला तिने पेटंट विकायचं म्हटलं, तर त्यांनी ह्याला बाजारात किंमत नाही असं कळवून टाकलं. तेव्हा मोटारीच मोजक्या होत्या. पेटंटची मुदत १७ वर्षांची. ती १९२० मध्ये संपली. अमेरिकेच्या राज्यघटनेत बायकांच्या मतदानाचा हक्क लिहिला गेला, तेच हे वर्ष! आणि १९२२ मध्ये कॅडिलॅक कंपनीने आपल्या गाड्यांना सरसकट वायपर बसवायला सुरुवात केली. पुढे तर वायपर गाडीगाडीला आले. मेरीला त्यातला एक पैसाही मिळाला नाही.

ती रडत बसली नाही, एवढं नक्की. आपल्या इमारतीचा कारभार बघत राहिली. २७ जून १९५३ ला, ८७ वर्षांची होऊन ती गेली. अमेरिकेतल्या मानाच्या संशोधकांच्या यादीत तिचं नाव लागलं ते २०११ मध्ये, म्हणजे तब्बल ५८ वर्षांनी.

तर मैत्रिणींनो, गाडीचं काम म्हणून आपण लांब उभ्या राहतो, पण वायपर मुळात एका बाईच्याच डोक्यातून आलेला. आणि बदलायला दहा मिनिटंही पुरतात. दुकानात जाताना जुनं ब्लेड सोबत न्या, कारण दोन्ही बाजूंची लांबी पुष्कळदा वेगळी असते. वायपरचा दांडा काचेपासून उभा करा आणि खाली काचेवर जाड टॉवेल टाका. पहिल्या वर्षी मी तो टाकला नव्हता. ब्लेड काढलेला लोखंडी दांडा स्प्रिंगने असा आपटला की काच फुटली असंच वाटलं! नशिबाने वाचली. मग ब्लेड जिथे दांड्याच्या हुकात अडकलंय, तिथली छोटी प्लॅस्टिकची खिटी दाबून ब्लेड दांड्याच्या बुडाकडे ओढा, सुटतं. नवं ब्लेड उलट दिशेने सरकवा, टक् असा आवाज आला की बसलं. काही गाड्यांची खिटी थोडी वेगळी असते, तेव्हा जुनं काढतानाच नीट पाहून ठेवा. दांडा हळूच खाली टेकवा, काचेवर तांब्याभर पाणी ओता आणि वायपर चालवून बघा. रेघ राहिली नाही ना, तेवढं पाहा.

यंदाही परवा बदलले. रात्री हे माल घेऊन निघाले, तासाभरात विजा चमकायला लागल्या. काळजी वाटायची ती वाटलीच. पण घाट उतरल्यावर ह्यांचा फोन आला, पाऊस धो धो आहे, पण रस्ता स्वच्छ दिसतोय म्हणाले. फोन ठेवला आणि मनातल्या मनात मेरीबाईंना नमस्कार केला.