वाळू, चुना आणि विश्वेश्वरय्या

सक्कर हे सिंधू नदीच्या काठावरचे शहर. तेव्हा ते मुंबई इलाख्यात होते. नदी दाराशी, पण पाणी गाळाने भरलेले. १८९४ मध्ये तिथल्या नळपाणी योजनेचे काम मार्गी लावण्यासाठी सार्वजनिक बांधकाम खात्याने तिशी ओलांडलेल्या एका अभियंत्याला पाठवले. त्याचे नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. नदीचे पाणी पंपाने टेकडीवर चढवायचे आणि तिथून शहराला द्यायचे, इतके सोपे होते. अडचण पाणी गाळण्याची होती. रीतसर गाळणी बांधण्याएवढा पैसा नगरपालिकेकडे नव्हता.

विश्वेश्वरय्यांनी गाळणी बांधलीच नाही. काठालगत नदीच्या पात्रात त्यांनी एक गोल विहीर घेतली. पात्रातल्या वाळूतून झिरपून येणारे पाणी त्या विहिरीत जमू लागले. ते पुरेसे यावे म्हणून विहिरीच्या तळातून पात्राखाली बोगदा नेला. जे काम वीट, लोखंड आणि पैसा मागत होते ते नदीच्या वाळूने केले. १८९५ मध्ये योजना पुरी झाली.

या युक्तीचे मोल कळण्यासाठी दोन वर्षे मागे जावे लागते. १८९२ मध्ये जर्मनीत हँबुर्ग शहरात पटकीची साथ आली आणि ८,००० हून अधिक माणसे दगावली. शेजारचे अल्टोना त्याच एल्ब नदीचे पाणी पीत होते, तेही हँबुर्गच्या खालच्या अंगाने, म्हणजे हँबुर्गची घाण मिसळलेले. पण अल्टोनाचे पाणी वाळूतून गाळलेले असे आणि तिथे साथ फारशी पसरली नाही. रस्त्याच्या एका बाजूला मृत्यू आणि दुसऱ्या बाजूला जवळपास शांतता असे चित्र होते. पटकीचा जंतू कॉख यांनी त्याआधी काही वर्षे ओळखला होता, पण त्यावर औषध कोणाकडेच नव्हते. पाण्यात क्लोरीन टाकण्याची पद्धतही रुळलेली नव्हती. साथीला अडवणारे जे होते ते वाळू होती.

वाळू म्हणजे चाळणी, असा बहुतेकांचा समज असतो. तो बरोबर नाही. बारीक वाळूच्या दोन कणांमधली फट जंतूच्या आकाराच्या कितीतरी पट मोठी असते. जंतू तिच्यातून आरामात जायला हवा, पण जात नाही. पाणी हळू चालले की गाळ आणि जंतू कणांच्या पृष्ठभागाला चिकटतात. काही दिवसांत वाळूच्या माथ्यावर सूक्ष्मजीवांचा चिकट थर धरतो आणि तो रोगजंतूंना अडवतो, खातोही. म्हणून अशी गाळणी नवी असताना नीट काम करत नाही, मुरल्यावर करते. पाणी तासाला १० ते २० सेंटिमीटर इतक्याच वेगाने उतरू द्यावे लागते. घाई केली की सगळे फुकट.

आपल्याकडे नदीकाठची गावे हे शास्त्र नाव न घेता वापरत आली. उन्हाळ्यात भीमा-सीनेच्या कोरड्या पात्रात वाळू उकरून झरा काढायचा आणि वाटीने घागर भरायची, हे जुन्या माणसांना सांगायला नको. हत्तरसंग-कुडलजवळ सीना भीमेला मिळते. त्याच दक्षिण सोलापूर तालुक्यात वळसंग आहे, पण ते नदीकाठावर नाही. तिथली विहीर काळ्या पाषाणात फोडावी लागते आणि पाणी दगडाच्या भेगांतून येते. भेग म्हणजे वाळू नव्हे. तिथे पाणी धावते, त्यामुळे शौचखड्ड्यातले जंतू विहिरीपर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही. खडकातल्या विहिरीचे पाणी नितळ दिसते म्हणून ते निर्धोक मानू नये. आणि नदीची वाळू ट्रकने निघून गेली की नुसते पात्र खरवडले जात नाही, काठच्या गावाची फुकटची गाळणीही जाते. तरीही वाळूची मर्यादा सांगायला हवी. पाण्यात विरघळलेले क्षार, फ्लोराइड, नायट्रेट तिच्यातून तसेच निघून जातात.

विश्वेश्वरय्यांचा जन्म म्हैसूर संस्थानातल्या मुद्देनहळ्ळीचा. वडील लवकर वारले. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात शिकवण्या करून त्यांनी पदवी घेतली आणि संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर पुण्याच्या सायन्स कॉलेजात अभियांत्रिकीला आले. १८८३ च्या परीक्षेत पहिले आले आणि १८८४ मध्ये नाशिकला साहाय्यक अभियंता म्हणून रुजू झाले. धुळ्याकडे पांझरेच्या प्रवाहाखालून नळ नेण्याचे अवघड काम त्यांनी सुरुवातीलाच केले. त्यांची पुढची जवळपास पंचवीस वर्षे मुंबई इलाख्यात गेली, त्यामुळे महाराष्ट्राने त्यांना पाहुणा समजण्याचे कारण नाही.

पुण्यात खडकवासल्याचे धरण दर पावसाळ्यात भरून वाहायचे आणि उन्हाळ्यात पाणी कमी पडायचे. भिंत उंच करायची तर खर्च मोठा आणि जुन्या बांधकामावर भारही. त्यांनी सांडव्यावर आपोआप उघडणारे दरवाजे बसवले. पाणी ठरलेल्या पातळीवर गेले की दरवाजे उघडतात, पूर ओसरला की मिटतात. १९०३ मध्ये ते बसले आणि भिंतीला हात न लावता तलावाचा साठा वाढला. पुढे ते इलाख्याचे आरोग्य अभियंता झाले, एडनच्या पाणी आणि सांडपाण्याची योजना आखायलाही गेले. खात्यात सर्वांत वरच्या खुर्चीवर गोऱ्यांचीच वर्णी लागत असे. १९०८ मध्ये त्यांनी नोकरी सोडली.

त्याच वर्षी सप्टेंबरात मुसी नदीच्या पुराने हैदराबादेत हजारो माणसे वाहून गेली. निजामाने विश्वेश्वरय्यांना बोलावले. शहराच्या वरच्या अंगाला पाणी अडवणारे दोन तलाव त्यांनी सुचवले. उस्मानसागर आणि हिमायतसागर ते हेच. ते पूर अडवण्यासाठी होते, पण पुढे अनेक पिढ्या हैदराबादने त्यांचे पाणी प्यायले.

१९०९ मध्ये ते म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले आणि १९११ मध्ये कावेरीवर कृष्णराजसागर धरणाचे काम सुरू झाले. सिमेंट तेव्हा परदेशातून यायचे. पोरबंदरचा कारखाना सुरू व्हायला अजून तीन वर्षे होती. एवढी मोठी भिंत विकतच्या सिमेंटवर उभी करणे संस्थानाला झेपणारे नव्हते. ती चुना आणि सुरखीत उभी राहिली.

सुरखी म्हणजे भाजलेल्या विटांची भुकटी. चुनखडी सुमारे ९०० अंशांवर भाजली की कळीचा चुना होतो. तो पाण्यात विरवला, वाळूत मळला की गारा तयार होतो. हा साधा गारा हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घट्ट होतो, म्हणजे पुन्हा चुनखडीच बनतो. पण जाड भिंतीच्या पोटात किंवा पाण्याखाली हवा पोहोचत नाही, तिथे तो वर्षानुवर्षे ओला राहतो. सुरखीने हे गणित बदलते. माती बेताने भाजली की तिच्यातल्या खनिजांची बांधणी मोडते, आणि त्यांतली सिलिका आणि ॲल्युमिना चुन्याशी संयोग करायला मोकळी होतात. पाण्याच्या सान्निध्यात त्यांपासून नवे, न विरघळणारे संयुग बनते. ते पाण्याखालीही घट्ट होते. रोमन लोक ज्वालामुखीची राख घालत, त्यामागचे रसायन हेच. मात्र वीट फार भाजली की ही क्षमता जाते. काळीठिक्कर, खणखणीत वीट बांधायला उत्तम, पण सुरखीला वाईट. भुकटीही पिठासारखी हवी, म्हणून गारा घाणीत घालून बैलांकरवी घोटत.

हे ज्ञान आज दुरुस्तीच्या वेळी उपयोगी पडते. चुन्यातली जुनी भिंत पाणी शोषते आणि परत सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते, क्षार दगडाच्या पृष्ठभागाजवळ स्फटिक धरतात आणि पापुद्रे सुटू लागतात. वाडा असो, बारव असो की किल्ल्याचा बुरूज, आधी मूळ गाऱ्यात काय आहे ते तपासावे आणि मग हात लावावा. सिमेंटची पाटी उचलायची घाई बहुधा दुरुस्तीपेक्षा जास्त नुकसान करते.

१९१२ ते १९१८ विश्वेश्वरय्या म्हैसूरचे दिवाण होते. या काळात विद्यापीठ निघाले आणि बरेच उद्योग उभे राहिले. मागास जातींना नोकरीत राखीव जागा देण्यावरून महाराजांशी त्यांचे पटले नाही आणि त्यांनी पद सोडले. पाणी सगळ्या शहराला सारखे मिळावे यासाठी झटलेल्या माणसाची नजर इथे तोकडी पडली, असेच म्हणावे लागते. १९५५ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले.

आयुष्य शंभरीपार गेल्याने त्यांच्या हयातीतच एक प्रसंग घडला. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले. त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याची भिंतही टिकली नाही. अठ्ठावन्न वर्षांपूर्वी बसवलेले ते दरवाजे ठरलेल्या पातळीच्या पुरासाठी होते, वरचे धरण फुटून येणाऱ्या पाण्यासाठी नव्हते. पुण्याच्या नळांचे पाणी त्या दिवशी तुटले. नऊ महिन्यांनी, १४ एप्रिल १९६२ रोजी विश्वेश्वरय्या बंगळूरला वारले. त्यांची समाधी मुद्देनहळ्ळीला आहे.