परतीची वेळ

धाडसी प्रवाशांच्या अनेक गोष्टी तुम्ही वाचल्या असतील. कोणी उंच शिखर गाठले, कोणी अनोळखी समुद्र ओलांडला. अशा गोष्टी वाचताना आपण पुढे जाणाऱ्या माणसाचे कौतुक करतो. पण पुढची वाट मोकळी दिसत असताना थांबणे आणि माघारी वळणे, यालाही धैर्य लागते. हे धैर्य उशिरा दाखवले तर काय होते आणि वेळेवर दाखवले तर काय वाचते, हे एकाच माणसाच्या आयुष्यात पाहायचे असेल, तर सर जॉन फ्रँकलिन यांचे चरित्र वाचावे.

फ्रँकलिन यांचा जन्म १६ एप्रिल १७८६ रोजी इंग्लंडमधील स्पिल्सबी या छोट्या गावी झाला. त्यांचे वडील कापडाचे व्यापारी होते. मुलाने धर्मोपदेशक व्हावे, अशी वडिलांची इच्छा होती. पण जॉनला समुद्राची ओढ होती. वयाच्या चौदाव्या वर्षी तो आरमारात दाखल झाला. त्यानंतर मॅथ्यू फ्लिंडर्स यांच्या जहाजावर त्याने ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याचे नकाशे काढण्याचे काम शिकून घेतले. १८०५ साली ट्रफाल्गारच्या प्रसिद्ध लढाईतही तो होता. चहूबाजूंनी तोफा धडधडत असताना हा तरुण आपल्या जागेवरून हलला नाही. म्हणजे फ्रँकलिन यांना भीती कशी आवरावी हे शिकवावे लागले नाही. त्यांना शिकायचे होते ते दुसरेच काही.

१८१५ साली युरोपातील मोठे युद्ध संपले. आरमाराला आता काम उरले नव्हते. तेव्हा इंग्लंडने एका जुन्या प्रश्नाकडे लक्ष वळवले. उत्तर अमेरिकेच्या वरच्या अंगाने, बर्फाळ समुद्रातून, आशियाकडे जाणारा जलमार्ग आहे का? या मार्गाला वायव्य मार्ग म्हणत. अमेरिकेचा उत्तर किनारा तेव्हा नकाशावर जवळजवळ कोराच होता. फक्त दोन नद्यांची मुखे गोऱ्या प्रवाशांनी पाहिली होती. त्यांतल्या कॉपरमाइन नदीच्या मुखापासून पूर्वेकडे किनाऱ्याने जायचे आणि नकाशा काढायचा, ही कामगिरी १८१९ साली फ्रँकलिन यांच्यावर सोपवण्यात आली.

त्यांच्याबरोबर डॉक्टर जॉन रिचर्डसन, जॉर्ज बॅक व रॉबर्ट हूड हे अधिकारी आणि जॉन हेपबर्न हा खलाशी होता. कॅनडात गेल्यावर त्यांनी फ्रेंच बोलणारे नावाडी कामावर घेतले. वाट दाखवणे आणि शिकार करणे यांसाठी त्या प्रदेशातील मूळ रहिवाशांची मदत घ्यावी लागली. त्यांच्या प्रमुखाचे नाव होते अकायचो.

आता इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. १८२० च्या ऑगस्ट महिन्यात फ्रँकलिन यांना लगेच समुद्राकडे निघायचे होते. अकायचो यांनी विरोध केला. हिवाळा तोंडावर आला आहे, आता गेलात तर जिवंत परत येणार नाही, असे त्यांनी स्पष्ट बजावले. फ्रँकलिन यांना हे आवडले नाही. पण त्यांनी ऐकले. त्यांनी ओंडक्यांची घरे बांधून मुक्काम केला. या तळाला त्यांनी फोर्ट एंटरप्राइझ असे नाव दिले. ज्या माणसाचा जन्म त्या भूमीत गेला, त्याला तिथले हवामान पुस्तकातून शिकलेल्या माणसापेक्षा अधिक कळते, हा पहिला धडा होता.

पुढच्या उन्हाळ्यात, जुलै १८२१ मध्ये, वीस माणसे कॉपरमाइन नदीच्या मुखाशी पोचली. त्यांच्याजवळ दोन होड्या होत्या. या होड्यांना कनू म्हणतात. त्या कशा असतात माहीत आहे? लाकडाच्या पातळ कांबींचा सांगाडा करायचा, त्यावर बर्च झाडाची साल चढवायची, ती मुळांच्या दोऱ्यांनी शिवायची आणि शिवणीवर राळ लावायची. अशी होडी नदीसाठी फार सोयीची. धबधबा आला की नावाडी तिला पाण्यातून काढतात, खांद्यावर घेऊन चालतात आणि पुढे पुन्हा पाण्यात सोडतात. परंतु ही होडी समुद्रासाठी नसते. मोठी लाट आणि तरंगता बर्फ यांपुढे सालीचा टिकाव तो किती लागणार?

नावाड्यांना हे ठाऊक होते. समुद्र पाहताच त्यांच्या पोटात गोळा उठला. शिवाय जवळ अन्न होते केवळ पंधरा दिवसांचे. तरीही प्रवास सुरू झाला. किनाऱ्याच्या खाचाखोचांतून, बेटांना वळसे घालत, त्यांनी सुमारे एक हजार किलोमीटर अंतर कापले. एवढे अंतर तोडूनही पूर्वेकडे प्रत्यक्षात ते थोडेच सरकले होते; कारण किनारा सारखा आत वळत होता. ऑगस्ट महिना आला. वारे वाढले. शिकार मिळेना. एका होडीच्या पंधरा कांबी मोडल्या. नावाडी परत फिरण्याची विनंती करू लागले.

फ्रँकलिन यांच्या मनात काय चालले असेल, याची कल्पना करा. दोन वर्षांची मेहनत पाठीशी होती. पुढचे प्रत्येक टोक ओलांडले की नकाशावर नवी रेघ उमटत होती. आणखी चार दिवस पुढे जाऊ आणि मग वळू, असे त्यांनी जाहीर केले. चार दिवस म्हणजे फार नव्हेत, असे आपल्याला वाटते. पण उत्तरेकडचा उन्हाळा इतका लहान असतो, की तिथे चार दिवसही फार होतात. १८ ऑगस्ट १८२१ रोजी ते जिथे थांबले, त्या जागेला त्यांनी पॉइंट टर्नअगेन हे नाव दिले. त्याचा अर्थ माघारी वळण्याचे टोक. तेथेच वादळाने त्यांना गाठले आणि आणखी काही दिवस अडकवून ठेवले. तंबूंवर बर्फ पडू लागला.

आल्या वाटेने समुद्रातून परतणे आता अशक्य होते. म्हणून त्यांनी जवळच्या एका नदीने आत शिरून, पुढे उघड्या माळरानातून पायी जाण्याचे ठरवले. मोठ्या होड्या मोडून दोन लहान होड्या केल्या आणि त्या खांद्यावर घेतल्या. सप्टेंबरच्या आरंभीच हिमवादळ सुरू झाले. वाऱ्याच्या झोताने होडी वाहणारा नावाडी पडला आणि होडी फुटली. तिचीच लाकडे जाळून उरलेसुरले अन्न शिजवण्यात आले. काही दिवसांनी दुसरी होडीही गेली. त्यामुळे कॉपरमाइन नदीच्या काठी आल्यावर ती ओलांडण्याचे साधन राहिले नाही. डॉक्टर रिचर्डसन कमरेला दोर बांधून बर्फासारख्या थंड पाण्यात उतरले आणि बुडता बुडता वाचले. शेवटी एका दुभाष्याने झुडपांच्या फांद्यांचा सांगाडा करून त्यावर कापड ताणले आणि त्या इवल्याशा होडीतून एकेकाला पलीकडे नेले. यात आठ दिवस गेले.

खायला काय होते? खडकावर उगवणारे दगडफुलासारखे शेवाळ, जनावरांची टाकून दिलेली हाडे आणि जुन्या बुटांचे चामडे. ऑक्टोबरमध्ये फ्रँकलिन फोर्ट एंटरप्राइझला पोचले, तेव्हा घरे रिकामी होती. अन्नाचा साठा तिथे असायला हवा होता. पण तो नव्हता. अकायचो यांच्या शिकाऱ्यांना पुरेसा दारूगोळाच मिळाला नव्हता. जॉर्ज बॅक पुढे जाऊन अकायचो यांच्या लोकांना शोधू शकले, म्हणून ७ नोव्हेंबरला मदत येऊन पोचली. ज्यांनी धोक्याची सूचना दिली होती, त्यांनीच पुढे या माणसांना हाताने भरवून जगवले.

तोपर्यंत वीसपैकी अकरा माणसे प्राणाला मुकली होती. त्यांत अधिकारी एकच, रॉबर्ट हूड. एक इन्युइट दुभाष्या होता आणि बाकीचे नऊ जण नावाड्यांपैकी होते. या आकड्यांकडे नीट पाहा. परत फिरू या असे जे म्हणत होते आणि सर्वांत जड ओझी ज्यांच्या खांद्यावर होती, त्यांनीच उशिराची किंमत मोजली. निर्णय एकाचा असतो. पण त्याचे फळ सर्वांना भोगावे लागते.

इंग्लंडमध्ये फ्रँकलिन यांचे मोठे स्वागत झाले. बूट खाणारा माणूस म्हणून लोक त्यांना ओळखू लागले. पण त्यांनी स्वतः मात्र या प्रवासातून वेगळाच बोध घेतला होता. १८२५ साली ते पुन्हा त्याच प्रदेशात गेले. आता त्यांनी सालीच्या होड्यांवर भरवसा ठेवला नाही. इंग्लंडमध्येच महोगनीच्या लाकडाच्या मजबूत पण हलक्या होड्या बांधून घेतल्या. अन्नाची तरतूद आधीपासून केली. वल्ही मारायला समुद्राची सवय असलेले खलाशी घेतले. पहिल्या प्रवासातून वाचलेला इन्युइट दुभाष्या टाट्टानोयुक आपणहून त्यांच्याबरोबर आला. इंग्रज त्याला ऑगस्टस म्हणत.

१८२६ च्या जुलै महिन्यात मॅकेन्झी नदीच्या मुखाशी त्यांनी दोन तुकड्या केल्या. रिचर्डसन पूर्वेकडे गेले. फ्रँकलिन सोळा जणांची तुकडी घेऊन पश्चिमेकडे निघाले. पश्चिमेकडून कॅप्टन बीची यांचे जहाज त्यांना भेटायला येणार होते. दोघांची भेट झाली असती, तर किनाऱ्याचा एक मोठा भाग नकाशावर जोडला गेला असता आणि फ्रँकलिन यांच्या नावाचा डंका वाजला असता.

परंतु या वेळीही हवामान प्रतिकूल होते. दाट धुके दिवसेंदिवस हटत नसे. होड्या बर्फाच्या कडेने चाचपडत सरकत. ऑगस्टच्या मध्यापर्यंत त्यांनी सुमारे सहाशे किलोमीटर किनारा पाहिला; तरीही निम्मीच वाट झाली होती. सर्व माणसे धडधाकट होती. होड्या शाबूत होत्या. अन्न शिल्लक होते. पुढे जाऊ नये असे कोणतेही संकट अजून कोसळले नव्हते. नेमक्या अशा वेळी फ्रँकलिन यांनी परत फिरण्याची आज्ञा दिली. त्या जागेचे नाव त्यांनी रिटर्न रीफ ठेवले, म्हणजे परतीचा खडक.

मित्रांनो, बीची यांची एक होडी त्याच महिन्यात त्या जागेपासून सुमारे अडीचशे किलोमीटरवर येऊन पोचली होती. फ्रँकलिन यांना हे नंतर कळले. हे आधी कळले असते, तर आपण पुढे गेलो असतो, असे त्यांना वाटले. पण त्या दिवशी त्यांच्याजवळ असलेली माहिती वेगळी होती. उन्हाळा संपत आला होता, धुके दाटले होते आणि किनाऱ्यावर आसरा नव्हता. परतीच्या वाटेवरच त्यांना वादळाने गाठले आणि होड्या किनाऱ्यावर नेऊन घालाव्या लागल्या. सप्टेंबर महिन्यात सोळाही माणसे सुखरूप तळावर पोचली. भेट हुकली, पण सोळा घरांत रडारड झाली नाही.

पुढे १८२९ साली फ्रँकलिन यांना सर हा किताब मिळाला. १८३७ ते १८४३ या काळात ते आज टास्मानिया म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बेटाचे गव्हर्नर होते. १८४५ साली, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, वायव्य मार्ग शोधण्यासाठी ते एरेबस आणि टेरर ही दोन जहाजे घेऊन निघाले. जहाजांवर वाफेची यंत्रे होती आणि तीन वर्षे पुरेल इतके अन्न होते. परंतु खांद्यावर उचलून नेता येते ती होडी, जहाज नव्हे. सप्टेंबर १८४६ मध्ये किंग विल्यम बेटाजवळ दोन्ही जहाजे बर्फात रुतली. पुढच्या उन्हाळ्यातही बर्फ सुटला नाही. माघारी वळायला वाटच उरली नव्हती. ११ जून १८४७ रोजी फ्रँकलिन यांचा मृत्यू झाला. एप्रिल १८४८ मध्ये उरलेली १०५ माणसे जहाजे सोडून पायी निघाली. बर्फात शिरलेल्या १२९ जणांपैकी एकही परत आला नाही.

त्यांचे काय झाले, याची पहिली खात्रीची बातमी १८५४ साली इन्युइट लोकांकडूनच मिळाली. त्यांनी पिढ्यान्पिढ्या सांगितलेल्या आठवणींचा पुढेही उपयोग झाला. २०१४ साली एरेबस आणि २०१६ साली टेरर ही जहाजे समुद्राच्या तळाशी सापडली.

फ्रँकलिन यांचे नाव आज बहुधा या शेवटच्या सफरीमुळेच घेतले जाते. पण तुम्ही नकाशा उघडाल तेव्हा कॅनडा आणि अलास्का यांचा उत्तर किनारा पाहा. त्यावर पॉइंट टर्नअगेन आहे आणि रिटर्न रीफही आहे. दोन्ही नावे माघारीचीच. एका माघारीनंतर अकरा माणसे घरी परतली नाहीत आणि दुसरीनंतर सगळी परतली. दोन्ही वेळा माणूस तोच होता, महिनाही ऑगस्टच होता. तुम्हीही कधी डोंगरावर, नदीवर किंवा समुद्रावर जाल. तेव्हा कुठवर जायचे हे ठरवण्याआधी कधी परतायचे हे ठरवा. त्या जागेची माहिती असलेल्या माणसाला विचारा आणि तुमच्या गटात जो सर्वांत थकला आहे, त्याचे म्हणणे आधी ऐका.