पंडिता रमाबाईंचे घर

मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त स्मरणिका काढायचे ठरले, आणि एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र तुम्ही लिहून द्या, असा चिटणीसबाईंनी मला आग्रह केला. त्या क्षणी माझ्या मनात पंडिता रमाबाईंचे नाव आले. त्याला एक घरगुती कारण आहे. ते आधी सांगते, म्हणजे या लेखात मी काही गोष्टींवरच अधिक का थांबले, हे वाचक भगिनींच्या ध्यानात येईल.

आमच्या घरी एक आत्या होती. लहानपणीच कपाळ पांढरे झालेली. यवतमाळजवळच्या खेड्यात आमची कोरडवाहू शेती होती. आत्या पहाटे उठून सडासारवण करी, मग दळण, मग दिवसभर शेतात कापसाची वेचणी, आणि दिवेलागणीला पुन्हा चूल. आम्हां भावंडांच्या वेण्या तिनेच घातल्या. मी दुसरी-तिसरीत असताना तिने एकदा माझी पाटी मागितली. स्वतःचे नाव कसे लिहितात, ते तिला पाहायचे होते. मी हसले आणि पाटी घेऊन अंगणात पळाले. तिने ती पुन्हा कधी मागितली नाही. पुढे मी शिक्षिका झाले, कितीतरी मुलांना अक्षरओळख करून दिली. पण आत्या गेली तेव्हा तिच्या कागदांवर अंगठाच होता. रमाबाईंचे चरित्र वाचताना मला दरवेळी ती पाटी आठवते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ या अरण्यात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. पेशव्यांच्या घराण्यातील एका स्त्रीला संस्कृत शिकताना त्यांनी तरुणपणी पाहिले होते, आणि आपल्या पत्नीलाही शिकवावे असे त्यांनी मनाशी धरले. त्यांची पत्नी लक्ष्मीबाई लग्नाच्या वेळी अवघी नऊ वर्षांची होती. स्त्रीला देववाणी शिकवणे लोकांना रुचले नाही. शास्त्रीबोवांनी शास्त्राधारे पंडितांना उत्तर दिले, आणि गावाचा त्रास नको म्हणून अरण्यात जाऊन घर बांधले. तेथे गुरे राखली, झाडे लावली, विद्यार्थी ठेवून घेतले. आल्यागेल्याला जेवू घालण्यात होते ते द्रव्य संपले. रमाबाई काही महिन्यांच्या असतानाच घर मोडले, आणि टोपलीत बसून त्यांचा पहिला प्रवास सुरू झाला.

पुढची वर्षे तीर्थयात्रा आणि पुराणकथन यांत गेली. अशा फिरत्या संसारात शाळा कोठली! वडील वृद्ध झालेले, म्हणून रमाबाईंचे शिक्षण आईने हाती घेतले. दिवसभर स्वयंपाकपाणी आणि पाहुणे; तेव्हा मोकळा वेळ एकच, तो पहाटेचा. पाखरे बोलू लागण्याच्या सुमारास लक्ष्मीबाई लेकीला जागे करीत, मांडीवर घेऊन प्रेमाने हाका मारीत आणि श्लोक शिकवीत. या पहाटेच्या शाळेत रमाबाईंनी अठरा हजार श्लोकांचे भागवत पाठ केले. ना फळा, ना पुस्तकाला पैसे. ज्या आईला शिकवल्याबद्दल घराला गाव सोडावे लागले, तिने ती विद्या लेकीच्या हाती दिली. मला रमाबाईंच्या सर्व चरित्राची किल्ली येथे सापडते.

नंतर दक्षिणेत दुष्काळ पडला. १८७४ मध्ये आणि त्यानंतरच्या थोड्याच काळात वडील, आई आणि थोरली बहीण गेली. रमाबाई व भाऊ श्रीनिवास दोघेच उरले. रानातील पाला-फळे खाऊन, उपाशी पोटी पायी चालत त्यांनी हिंदुस्थानचा मोठा भाग पालथा घातला. १८७८ मध्ये ती दोघे कलकत्त्यास पोचली. तेथील विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊही गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. ते ब्राह्मणेतर जातीचे, त्यामुळे दोन्हीकडचे दरवाजे मिटले. संसार मात्र सुखाचा झाला. १८८१ च्या एप्रिलात मुलगी झाली, तिचे नाव मनोरमा. पुढच्याच फेब्रुवारीत पटकीने मेधावींचा अंत झाला. रमाबाई तेवीस वर्षांच्या होत्या आणि कडेवर दहा महिन्यांची मुलगी.

त्या पुण्यास आल्या, तेथे १८८२ मध्ये आर्य महिला समाज स्थापला, आणि शिक्षणाच्या हंटर आयोगापुढे स्त्रियांसाठी स्त्री-शिक्षिका व स्त्री-डॉक्टर हवेत अशी साक्ष दिली. वैद्यक शिकण्यासाठी १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. पण कानाने कमी ऐकू येत असल्याने ते शिक्षण राहिले. वाँटेज येथील भगिनींच्या मठात त्या उतरल्या होत्या. पतित म्हणून समाजाने टाकलेल्या स्त्रियांना त्या भगिनी आपलेसे करून वाढवीत आहेत, हे पाहून त्यांचे मन ख्रिस्ती धर्माकडे ओढले गेले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला.

या धर्मांतरावर तेव्हा महाराष्ट्रात वादळ उठले, आणि त्याविषयी निरनिराळी मते आजही असतील. मला एवढेच सांगायचे आहे की रमाबाईंनी नवा धर्म घेतला, पण आपली बुद्धी कोणाकडे गहाण टाकली नाही. कोणते मत मानावे आणि कोणते नाही, यावरून मठातील वडीलधाऱ्यांशी त्यांचे सरळ वाद झाले. शाकाहार त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. मुलगी इंग्रजी वळणाची होऊन आपल्या माणसांना परकी होऊ नये, याचीही त्यांना फार काळजी होती. त्यांच्या लेखी धर्म म्हणजे रोज उठून कोणाला तरी जेवू घालणे, शिकवणे, आणि उभे करणे.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या. तेथे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर पुस्तक लिहिले, बालोद्यान-शिक्षणाची पद्धत शिकून घेतली, आणि मराठी मुलांसाठी वाचनपुस्तके तयार करण्याचे काम केले. बोस्टन येथील मित्रमंडळींनी दहा वर्षे मदत देण्याचे मान्य केले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन निघाले. पुढल्या वर्षी ते पुण्यास आले. गोदूबाई नावाची तरुणी येथली पहिली विधवा विद्यार्थिनी. पुढे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करून ती आनंदीबाई कर्वे झाली. येथे मुलींना आपापले आचार पाळण्याची मोकळीक होती. परंतु रमाबाईंच्या प्रार्थनेच्या खोलीचे दार उघडे असे, आणि काही मुली तेथे जाऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये यावरून मोठा वाद झाला. न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांना भीती वाटली, ती समजण्यासारखी आहे. तसेच, स्वतःच्या घरात आपली प्रार्थना दार लावून करावी असे रमाबाईंना वाटले नाही, हेही समजण्यासारखे आहे.

आता शेतीकडे वळते. यवतमाळच्या आपणां बायकांना हा भाग जवळचा वाटेल. अमेरिकेची मदत दहा वर्षांनी थांबणार, मग मुलींनी खायचे काय? रमाबाईंनी पुणे-दौंड लोहमार्गावर केडगाव येथे सुमारे शंभर एकर जमीन घेतली. विहिरी खणल्या, फळझाडे लावली. बागेच्या उत्पन्नावर सदन चालावे, हा हिशेब होता.

हिशेब पुरा होण्याआधीच १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातील हाल ऐकून रमाबाई स्वतः निघाल्या. रस्त्याकडेला बसलेल्या उपाशी मुलींमध्ये त्यांना आपले लहानपण दिसले असले पाहिजे. त्यांनी सुमारे तीनशे मुली व स्त्रिया आणल्या. पुण्यात प्लेग सुरू झालेला, इतकी माणसे शहरात ठेवण्यास परवानगी मिळेना. तेव्हा त्यांना केडगावच्या शेतावर नेऊन तंबू आणि झोपड्या उभ्या केल्या. त्या माळावर १८९८ मध्ये मुक्ती सदन आकाराला आले. १८९९-१९०० च्या दुष्काळाने आपले वऱ्हाडही होरपळले होते. त्या वेळी गुजरातेतून शेकडो मुली केडगावास आल्या आणि घरातील माणसांची संख्या दोन हजारांच्या आसपास गेली.

दोन हजार माणसांचे घर चालवायचे म्हणजे काय, याचा विचार चार पाहुणे वाढले तरी धांदल उडणाऱ्या आपण करून पाहावा. पाणी शेंदणे, दळण, भाकरी, गुरे, दूध, भाजीचे वाफे, तेलाचा घाणा, हातमाग, शिवण, धुणे, बांबूच्या टोपल्या, आणि छापखाना, हे सारे स्त्रियांच्या हाती होते. थोरल्या मुलींकडे धाकट्या सोपवलेल्या असत. न्हाऊ घालणे आणि अक्षर गिरवून घेणे त्यांच्याकडे. अर्धा वेळ अभ्यास, अर्धा वेळ काम. जी शिकली तिने दुसरीला शिकवायचे. आंधळ्या स्त्रियांसाठी निराळे सदन होते. त्या बोटांनी वाचायला आणि विणकामाला शिकल्या. घरातून हाकललेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन होते. तेथे कोणाचा पूर्वेतिहास तिच्या ताटात वाढला जात नसे.

छापखान्याविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. बायबलाचे त्या वेळचे मराठी भाषांतर गरीब, अल्पशिक्षित बायकांना कळत नाही, असे रमाबाईंना वाटे. म्हणून त्या उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि मूळावरून सोप्या मराठीत संपूर्ण भाषांतर केले. दुष्काळातून आणलेल्या मुलींनी त्याचे खिळे जुळवले आणि पाने छापली. ज्यांना अक्षर वर्ज्य होते त्यांच्या हातांनी तो ग्रंथ झाला. त्याची छपाई रमाबाईंच्या मृत्यूनंतर पूर्ण झाली.

या घरातील एका व्यक्तीविषयी लिहिताना माझा हात थांबतो. ती मनोरमा. आई हजारोंची आई झाली, तेव्हा पोटच्या मुलीच्या वाट्याला काय आले? लहानपणी, आई शिकत असताना व फिरत असताना, तिला काही काळ वाँटेजच्या भगिनींपाशी राहावे लागले. पुढे ती अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील नॉर्थ चिली येथील चेसब्रो विद्यालयात शिकली. हे विद्यालय फ्री मेथडिस्ट पंथाचे. त्याच पंथाच्या मिशनने आपल्या यवतमाळात काम केले. येथील युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ मध्ये पुण्यास गेली, ती आपल्यापैकी वडील भगिनींना आठवत असेल. १९०० च्या सुमारास मनोरमा परत आली आणि आईच्या कामात पडली. शाळा सांभाळली, अंधांना शिकवले, गुलबर्ग्यास मुलींची शाळा काढली, आणि या सर्वांतून वेळ काढून १९१७ मध्ये बी. ए. झाली. २४ जुलै १९२१ रोजी, चाळिसाव्या वर्षी, ती गेली. आईनंतर हे घर तिनेच चालवावे, असे रमाबाईंनी योजिले होते. त्यानंतर नऊ महिन्यांच्या आत, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाईंनीही देह ठेवला.

मोठ्या कार्याची किंमत घरातले माणूसही देते. मनोरमेने ती कुरकुर न करता दिली असे चरित्रकार लिहितात. मी स्वतः आई आहे, म्हणून मला ते इतक्या सहज लिहिता येत नाही. पण एक गोष्ट दिसते. गंगामूळच्या आईने पहाटे जे दिले, ते रमाबाईंनी मनोरमेला दिले, आणि मनोरमेने ते आंधळ्या मुलींच्या बोटांपर्यंत पोचवले. केडगावचे मुक्ती मिशन आजही चालू आहे.

भगिनींनो, आपल्या जिल्ह्यात कर्जापायी जीव दिलेल्या शेतकऱ्यांच्या कितीतरी बायका मागे राहिल्या आहेत. शेत आहे, पोरे आहेत, पण सातबारा वाचता येत नाही, बँकेत काय लिहिले आहे ते कळत नाही. त्यांच्यासाठी शंभर एकर जमीन घेणे आपल्या हातून होणार नाही. रमाबाई ज्या धर्मात गेल्या तो धर्म घेण्याचेही कारण नाही. परंतु पहाटेचा किंवा दिवेलागणीनंतरचा एक तास लक्ष्मीबाईंजवळ होता, तसा आपल्याजवळही आहे. येत्या वर्षी मंडळातील प्रत्येकीने आपल्या घरच्या, शेजारच्या किंवा शेतावरच्या एका बाईला निदान तिचे नाव लिहायला आणि कागद वाचायला शिकवावे, अशी माझी विनंती आहे. मी सुरुवात केली आहे. आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईंसाठी नवी पाटी आणली आहे. त्यांनी ती मागितली नव्हती. मीच पुढे केली.